पाठीवरचा बिल्ला

सकाळी साडेआठची घंटा झाली की शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात चोवीस मशीन एकदम सुरू होत, आणि मग शेजारणीला काही सांगायचे तरी ओरडूनच सांगावे लागे. हॉलच्या टोकाला, दोन खिडक्यांच्या मधोमध, एक उंच टेबल होते. त्या टेबलापाशी चेकरबाई उभी असे. कॉलरचे गठ्ठे तिच्याकडे येत. एकेक कॉलर हातात घ्यायची, उजेडाकडे धरायची, उलटी करायची, टोकाला नखाने टोचून बघायचे आणि चांगली असेल तर डावीकडे, बाद असेल तर उजवीकडे टाकायची. तिच्या नोकरीला एकोणीस वर्षे झाली होती. पहिली सहा मशीनवर गेली आणि पुढची तेरा या टेबलापाशी.

तेरा वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की गठ्ठ्यावरची नावाची चिठ्ठी न वाचताच ती कॉलर कोणाच्या हातची ते सांगू शके. कोण टोकाशी थबकते, कोण वळणावर घाई करते, कोणाचा टाका रागात आवळला जातो, सगळे तिला तोंडपाठ. घरी भांडून आलेलीची शिवणही ती ओळखायची आणि वर विचारायची, "काय गं, आज सकाळी सकाळी तोफा झडल्या वाटतं?" मग अख्खी रांग हसायची. बाईची जीभ तिखट, पण मनात काही नाही, असे सगळ्याजणी म्हणत. मनात काही नसते आणि जिभेवर सगळे असते अशी माणसे आपल्याला फार आवडतात, हे खरेच आहे.

या हॉलमध्ये एक जुनी गंमत चालत आलेली होती. जिची कॉलर बाद निघेल तिच्या पाठीवर ती कॉलर टाचणीने लावायची. तिला म्हणायचे बिल्ला. दुसऱ्या कुणाची कॉलर बाद निघेपर्यंत बिल्ला तिच्याच पाठीवर. सकाळी आली की लावायचा, संध्याकाळी जाताना काढायचा. ज्या दिवशी नवी बिल्लेवाली ठरे त्या दिवशी सगळ्या टाळ्या वाजवत आणि चहाच्या सुट्टीत तिने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. हे कोणी सुरू केले ते कुणालाच ठाऊक नव्हते. चेकरबाई नवी होती तेव्हा तिनेही चार दिवस बिल्ला घातला होता. त्या चार दिवसांत तिने दातओठ खात हसून दाखवले होते आणि घरी जाऊन ती न्हाणीघरात रडली होती. पण ते जुने झाले. आता कुणी कुरकुर केली तर तीच म्हणायची, "आम्ही नाही का घातला? झिजलो का आम्ही?"

बिल्ला साधारण दोन-तीन दिवसांत या पाठीवरून त्या पाठीवर जायचा, म्हणून तो फारसा कुणाला टोचला नाही. मग ती नवी बाई आली.

तिशीची, सडपातळ, खाली बघून बोलणारी. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन एका खोलीत राहत होती. याआधी एका शिंप्याकडे बसत होती. त्याचे दुकान बंद झाले म्हणून इकडे आली. तीन महिने चाचणीचे, मग कायम, असे ठरले. ती डावखुरी होती. मशीनवर बसली की कापड धरण्याची, फिरवण्याची तिची तऱ्हा बाकी सगळ्यांच्या उलटी. पहिल्याच दिवशी चेकरबाईने लांबून बघितले आणि म्हणाली, "ही बघा आपली डावरी! आरशातली बाई बाहेर येऊन बसलीय जणू." हॉल हसला, नवी बाईही हसली, आणि तेव्हापासून तिला दुसरे नाव राहिले नाही.

आठवड्याच्या आत तिच्या गठ्ठ्यात एक बाद कॉलर निघाली. एक टोक अणकुचीदार, दुसरे बोथट, आणि शिवण मध्येच कडेवरून घसरलेली. चेकरबाईने ती उजेडाकडे धरली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळे तिच्यावरच येऊन थांबते. कॉलरची शिवण जिथे सुरू होते तिथे मशीन दोनदा पुढेमागे करून टाका पक्का करतात. हॉलमधल्या तेवीसजणी उजव्या टोकापासून सुरुवात करत. त्यामुळे पक्का टाका उजवीकडे. डावरी एकटी डाव्या टोकापासून सुरुवात करायची, म्हणून तिचा पक्का टाका डावीकडे. जाड कापडावर जाड धागा. बोट फिरवले तरी कळावे. चेकरबाईच्या हातातल्या त्या बाद कॉलरचा पक्का टाका उजवीकडे होता.

एवढेच नाही. ती घसरलेली शिवण कोणाची हेही तिला कळले. पहिल्या रांगेत, खिडकीजवळच्या मशीनवर बसणाऱ्या तिच्या थोरल्या जावेची होती ती. शिवून झालेले गठ्ठे दुपारपर्यंत लांब फळीवर उघडेच पडलेले असत. एखाद्या गठ्ठ्यातली चांगली कॉलर उचलून तिथे आपली बिघडलेली ठेवायची म्हटले तर क्षणाचे काम. मोजदादही चुकत नाही.

चेकरबाईने मान वर केली. थोरली तिच्याकडेच बघत होती.

याच थोरलीने तिला या कारखान्यात आणले होते. लग्न होऊन नवी नवी घरात आली तेव्हा याच जावेने तिला मशीनवर बसवून शिकवले, तिची बाळंतपणे काढली, सासूच्या बोलण्यापासून तिला पाठीशी घातले. अशा माणसाचे नाव चोवीसजणींसमोर कसे घ्यायचे? आणि कॉलर तर नव्या बाईच्या गठ्ठ्यात होती. चिठ्ठी बोलते, आपण कोण बोलणार?

"डावरी, ये गं," चेकरबाईने हाक मारली. "पाठ कर."

टाळ्या झाल्या. डावरीने कपबश्या विसळल्या.

तिसऱ्या दिवशी दुसरीच्या कॉलरचे टोक फाटले. नियमाने बिल्ला तिकडे जायचा, पण ती फाटकी कॉलर डावरीच्याच गठ्ठ्यात सापडली. पाचव्या दिवशी तिसरीची. एकदा रस्ता सापडला की पावले आपोआप वळतात. जिच्या पाठीवर बिल्ला आहेच तिला आणखी एका कॉलरने काय फरक पडणार, असा सगळ्यांचा सोयीचा हिशोब. कुणी ठरवून कट केला नव्हता. सगळ्यांचे ओझे एका पाठीवर गेले आणि बाकीच्या पाठी हलक्या झाल्या, इतकेच. हॉलमध्ये आता पूर्वीपेक्षा जास्त हसणे चाले. दोन आठवड्यांनी डावरीला सुट्टीत जेवायला जागा मिळेनाशी झाली. ती डबा घेऊन आली की बाकावर पिशव्या ठेवल्या जात. ती सकाळी दारातून आत शिरली की कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरी, आणि ती आपल्या मशीनपर्यंत त्या ठेक्यावर चालत जाई, कारण ठेका चुकवून चालायचे कसे हेही तिला सुचत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि तिने तक्रार केलीच असती तर काय सांगितले असते? की बायका टाळ्या वाजवतात?

घरी रात्रीच्या जेवणाला चेकरबाई डावरीची नक्कल करायची. खाली मान, कडेने चालणे, आणि ते हळू आवाजातले "हो ताई, बघते ताई". तिच्या नवऱ्याला हसून ठसका लागे. थोरली मात्र त्या नकलेला कधी हसली नाही. ती उठून ताटे उचलायला लागे.

एका संध्याकाळी बिल्ला काढताना डावरी म्हणाली, "ताई, एक विचारू? ही कॉलर मला घरी न्यायला मिळेल का?"

"कशाला?"

"पाठीवर असते ना, मला नीट बघायलाच मिळत नाही. कुठं चुकतंय ते एकदा बघितलं असतं. मी शिवते तेव्हा तर बरोबर वाटते हो. मग इथं येईपर्यंत काय होतं, कळतच नाही."

कॉलर चेकरबाईच्या हातात होती. अंगठा नेमका उजवीकडच्या पक्क्या टाक्यावर. क्षणभर तिला वाटले, द्यावी. बघू दे हिला.

"नाही गं," ती म्हणाली. "बाद मालाची मोजदाद असते. पेटीत टाकावा लागतो."

"बरं ताई. तुम्ही बारकाईनं बघता म्हणून तरी कळतं," असे म्हणून डावरी निघून गेली. चेकरबाईने कॉलर पेटीत टाकली, कुलूप लावले, आणि त्या संध्याकाळी नक्कल केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र केली.

असे दहा आठवडे झाले. अकराव्या आठवड्यात डावरीचा हात खरोखरच बिघडू लागला. शिवलेली कॉलर ती दोन-दोनदा तपासायची, मग तिच्यात नसलेली चूक तिला दिसायची, मग ती उसवायची आणि पुन्हा शिवायची. त्यामुळे तिचे काम मागे पडे, मागे पडले की टाळ्या, टाळ्या झाल्या की बोटे कापायला लागत. चेकरबाई हे टेबलापाशी उभी राहून बघत होती. ती मूग गिळून गप्प होती, आणि इतके दिवस गप्प राहिल्यावर आता एकदम बोलायचे तर आधी का बोललो नाही ते सांगावे लागेल, हीच तिला खरी भीती होती.

त्या मंगळवारी चहाच्या सुट्टीला दहा मिनिटे होती. डावरीचा गठ्ठा पुरा व्हायला दोन कॉलर कमी होत्या. मागच्या रांगेतून ठेका सुरू झाला. आधी एकीचा, मग चौघींचा, मग सगळ्यांचा. मशीनच्या आवाजावर टाळ्या चढल्या. डावरीने पाय दाबला. पुढच्या क्षणी तिच्या मशीनचा आवाज बदलला आणि ती किंचाळली. सुई डाव्या हाताच्या तर्जनीतून, नखासकट आरपार गेली होती.

टाळ्या थांबल्या. मशीन थांबल्या. आणि त्या शांततेत मागच्या रांगेत कुणीतरी हसले. दुष्टपणाने नाही, सवयीने. डावरी ओरडली की हसायचे, एवढेच त्या तोंडाला माहीत होते.

चेकरबाई धावली. तिनेच चाक उलटे फिरवून सुई वर काढली, चिंधी बांधली. दवाखान्यात नेताना डावरीच्या पाठीवर बिल्ला तसाच होता. तिथल्या नर्सने विचारले, "हे काय लावलंय हिच्या पाठीला?" तिने टाचणी काढून कॉलर मुठीत दाबली. एवढी वर्षे जी गंमत होती ती एका परक्या बाईला सांगायला तिच्याकडे एक वाक्यही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तिला बोलावले. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. "सदर कामगाराचे काम वारंवार सदोष आढळले. अपघात तिच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. सबब चाचणीच्या मुदतीतच कामावरून कमी करण्यात येत आहे." खाली तपासनीस म्हणून चेकरबाईच्या सहीची जागा.

"शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये वाचून दाखवू," मॅनेजर म्हणाला. "सगळ्यांना जरा वचक बसतो. तोवर सही करून आणा."

"साहेब, तिचा हात चांगला आहे तसा."

"बाई, तुमच्याच वहीत तिच्या नावावर चौदा बाद कॉलर आहेत. मी काय मनानं लिहिलं?"

चौदा. तिनेच लिहिल्या होत्या, स्वच्छ अक्षरात.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी जावा भाजी निवडत बसल्या होत्या. कागद चेकरबाईच्या पिशवीत होता. थोरलीनेच विषय काढला.

"सही केलीस?"

"नाही अजून."

"करून टाक आणि मोकळी हो. पोरगी बरी होईल, दुसरीकडं काम बघेल. तिला कुठं कारखाने कमी आहेत?"

चेकरबाईने हातातली पालेभाजी खाली ठेवली. "जाऊबाई, चौदातल्या सहा तुमच्या आहेत."

थोरलीचे हात थांबले नाहीत. ती पाने चाचपडत होती. किडके पान कोणते, चांगले कोणते, हे ती बोटांनी बघत होती, आणि तरी दोन किडकी पाने चांगल्यात गेली. चेकरबाईचे लक्ष गेले. तिला जे शिवणीवरून कळले होते ते आता डोळ्यांनी दिसले.

"कधीपासून?" तिने हळूच विचारले.

"वर्ष होईल." थोरलीचा आवाज एकदम म्हातारा झाला. "समोर धुकं असल्यासारखं दिसतं. सकाळी खिडकीतून ऊन येतं तोवर ठीक. दुपारी नुसता अंदाज. कुणाला सांगू? सांगितलं तर मशीन जाते. तुझे भाऊजी घरी बसलेत, तुला माहीत आहे. मी बसले तर खायचं काय?"

"म्हणून त्या बिचारीच्या गठ्ठ्यात?"

"एकदाच टाकली होती गं. देवाशपथ, पहिल्यांदा एकदाच. तू काहीतरी बोलशील म्हणून मी दिवसभर जीव मुठीत धरून बसले होते. तू बोलली नाहीस. मग मला वाटलं, चालतं."

हे शेवटचे शब्द चेकरबाईला एखाद्या थपडीसारखे लागले. ती काही बोलायच्या आत थोरलीने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "आणि आता मला धर्म शिकवू नकोस! तुला या कामाला कुणी लावलं? तुझी बाळंतपणं कुणी काढली? त्या परकीसाठी घरचं माणूस उघड्यावर आणशील? कर सही. एवढी वर्षं काही मागितलं का मी तुझ्याकडं?"

मागितले नव्हते, हे खरे होते. चेकरबाईने खाली ठेवलेली पालेभाजी पुन्हा हातात घेतली.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर ती थोडी फळे घेऊन डावरीच्या खोलीवर गेली. कशाला गेली ते तिला स्वतःलाही नक्की माहीत नव्हते. बहुधा, डावरी म्हणेल 'जाऊ द्या ताई', आणि मग सही करणे सोपे होईल, अशी एक चोरटी आशा असावी. माणूस माफी मागायला जातो तेव्हा पुष्कळदा तो सूट मागायलाच गेलेला असतो.

दार वडिलांनी उघडले. वाकलेले, पण डोळे तेजस्वी.

"तुम्हीच का चेकरताई? या, या. तुमचं नाव रोज निघतं घरात. म्हणते, ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही. एक दिवस त्यांच्याकडून नीट शिकून घेणार म्हणते."

खोलीत एक जुनी हातमशीन होती आणि तिच्याभोवती चिंध्यांचा ढीग. डावरी भिंतीला टेकून बसली होती, बोटाला जाडजूड पट्टी. ती उठायला लागली.

"बस गं," चेकरबाई म्हणाली. तिने ढिगातला एक तुकडा उचलला. जुन्या चादरीच्या कापडाची कॉलर होती ती. दोन्ही टोके एकसारखी, शिवण रेघ मारावी तशी. पक्का टाका डावीकडे. दुसरी उचलली. तीही तशीच. मग बाकीचे तुकडे, सगळ्यांना टाक्यांची भोके पडलेली; शिवून उसवलेले, पुन्हा शिवून पुन्हा उसवलेले.

"रोज संध्याकाळी हेच," वडील म्हणाले. "शिवते आणि उसवते. मी म्हणतो, अगं छान झालीय. तर म्हणते, बाबा तुम्हाला नाही कळत, चूक आहे, मला दिसत नाही एवढंच. आता तर चहात साखर घातली की नाही तेही मला विचारते. घातलेली असते, तरी विचारते."

"ताई," डावरीने मध्येच विचारले, "तुम्ही आलाच आहात तर सांगा ना. यात कुठं चूक आहे?"

चेकरबाईच्या हातात ती निर्दोष कॉलर होती. तिला म्हणायचे होते, कुठेच नाही. पण ते म्हटले की पुढचे सगळे म्हणावे लागले असते. जावेचे, वहीचे, स्वतःचे. तिचे ओठ हलले आणि बाहेर आले ते एवढेच, "उद्या सकाळी ये हॉलमध्ये. ये नक्की."

पायऱ्या उतरताना ती स्वतःवर इतकी संतापली होती की तिला रस्ता दिसेना.

शुक्रवारी घंटा झाली, पण मशीन सुरू झाल्या नाहीत. सगळ्या आपापल्या जागी उभ्या होत्या. डावरी दारापाशी, पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून. मॅनेजरने कागद मागितला. चेकरबाईने दिला. सहीची जागा कोरी होती.

"हे काय?"

"मी सही करणार नाही साहेब. यात लिहिलंय ते खोटं आहे."

तिने बाद मालाची पेटी टेबलावर आणून ठेवली होती. कुलूप काढले आणि वहीशी नंबर ताडून चौदा कॉलर एका ओळीत मांडल्या. एकदा सुरू झाल्यावर ती थांबली नाही.

"ही बाई कॉलर डावीकडून सुरू करते. हिचा पक्का टाका डावीकडं पडतो. या तिच्या चांगल्या कॉलर, बोट लावून बघा. आता या चौदा बघा. एकूण एक उजवीकडून सुरू केलेल्या आहेत. यातली एकही हिची नाही. आपापली बिघडलेली हिच्या गठ्ठ्यात टाकायची आणि हिची चांगली उचलून न्यायची, असं चाललं होतं. या सोमवारच्याच मालात बघा, हिच्या हातच्या दोन कॉलर दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांत आहेत. माल अजून इथंच आहे."

मॅनेजरने खरेच बोट लावून बघितले. एक, दोन, पाच. "मग या कोणाच्या?"

हॉलमध्ये माना खाली गेल्या. ज्यांनी कॉलर टाकल्या होत्या त्यांच्याही, ज्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्याही.

"सगळी नावं सांगते. पण पहिलं माझं लिहा. चुकीची कॉलर ओळखणं हे माझं काम. मी ती ओळखली, आणि तरी हिच्या पाठीवर टाचली. चौदा वेळा. हिला डावरी नाव पाडलं ते मी. टाळ्यांना हसले ती मी. सुई मशीननं घुसवली नाही साहेब, आम्ही घुसवली. आणि या चौदातल्या सहा..." तिने पहिल्या रांगेकडे बघितले. "सहा माझ्या जाऊबाईंच्या आहेत. त्यांचे डोळे गेलेत. त्यांना डॉक्टरची गरज आहे आणि बसून घड्या घालायच्या कामाची. ते मागायला आम्हाला भीती वाटली, म्हणून आम्ही या गरीब गायीला पुढं केलं."

"घर फोडलंस गं!" पहिल्या रांगेतून थोरली ओरडली. "भर सभेत घर फोडलंस!" आणि ती खिडकीजवळच्या मशीनवर डोके टेकून रडू लागली.

पुढचे थोडक्यात सांगायचे तर मॅनेजरने कागद फाडला नाही; अशी माणसे कागद फाडत नसतात. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. डावरीला कामावर ठेवले आणि बोट बरे होईपर्यंतचा पगार कबूल केला, कारण नाहीतर दवाखान्यातून विचारणा झाली असती. पाठीवर काहीही टाचायचे नाही अशी पाटी लावली. थोरलीला घड्यांच्या टेबलावर पाठवले. चेकरबाईचे टेबल काढून घेतले आणि तिला पुन्हा मशीनवर बसवले, तेरा वर्षांनी. घरी चूल वेगळी झाली. थोरली तिच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

पण हे नंतरचे. त्या सकाळी मॅनेजर निघून गेल्यावर हॉलमधल्या बायका डावरीभोवती गोळा झाल्या. एकीने तिला पाणी आणून दिले. "अगं, आमच्या मनात काही नव्हतं," दुसरी म्हणाली, "नुसती गंमत चालायची." तिसरी चेकरबाईकडे वळून म्हणाली, "पण ताई, हिंमत बाकी मोठी हं तुमची!" चेकरबाईला, खोटे कशाला सांगा, ते ऐकून जरा बरे वाटले. दहा आठवड्यांत पहिल्यांदा तिने मोकळा श्वास घेतला.

डावरी पाणी प्यायली नाही. पेला तसाच बाजूला ठेवून ती टेबलापाशी आली. ओळीत मांडलेल्या कॉलरमधली पहिली तिने उचलली, पट्टी नसलेल्या हाताचे बोट उजव्या टोकावर फिरवले, पुन्हा एकदा फिरवले. मग प्रथमच मान वर करून तिने चेकरबाईच्या डोळ्यांत बघितले.

"ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटे बोलायला वाव होता. काल कळले, परवा कळले, असे म्हणता आले असते. हॉलमधल्या तेवीसजणी ऐकत होत्या.

"पहिल्या दिवशी," चेकरबाई म्हणाली. "पहिली कॉलर हातात घेतली तेव्हाच."

डावरीने मान हलवली. ती रागावली नाही, रडली नाही. एखादा अवघड हिशोब अखेर जुळावा तशी ती नुसती शांत झाली, आणि ते बघणे चेकरबाईला शिव्या खाण्यापेक्षा जड गेले.

"म्हणजे माझा हात बरोबर होता," डावरी स्वतःशीच म्हणाली. "मी घरी रोज चांगलंच शिवत होते आणि चांगलंच उसवत होते."

"माफ कर गं मला."

"ते बघू ताई. आज नाही जमणार." तिने कॉलर परत ओळीत, होती तिथे ठेवली. "पण एक सांगते. आज तुम्ही एवढं मोठं बोललात. सगळ्यांसमोर बोललात, घरच्या माणसाला दुखवून बोललात. त्या पहिल्या दिवशी एवढं काही लागलं नसतं. 'ही शिवण हिची नाही', एवढंच म्हणाला असतात तरी पुरलं असतं. चार शब्द होते, ताई."